ताळगावच्या पठारावर गणित शिकायला येताना

दरवर्षी निकालांच्या दिवसांत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. 'मुलीने गणित घेऊन बीएस्सी केली, आता विद्यापीठात एमएस्सी करायचं म्हणते. झेपेल ना तिला?' झेपेल. पण बारावीपर्यंत, आणि बऱ्याचदा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, आपण ज्याला गणित म्हणत आलो ते वेगळं आणि ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात शिकवतात ते वेगळं. हा फरक पहिल्या दोन महिन्यांत ध्यानात आला नाही तर नव्वद टक्केवाली मुलंसुद्धा खचतात. मी सत्तरीतून रोज बसने येऊन हे शिक्षण घेतलं आणि आता उच्च माध्यमिकला गणित शिकवतो. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी वाट समजून घ्या

गोव्यात 'विद्यापीठात गणित शिकणं' याचे दोन टप्पे आहेत. बीएस्सी होते कॉलेजात: मडगावचं चौगुले, मिरामारचं धेंपे, म्हापशाचं सेंट झेवियर्स किंवा घराजवळचं दुसरं एखादं. पदवी मात्र गोवा विद्यापीठाची. त्यानंतरची एमएस्सी बहुतेक जण ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या मुख्य आवारात करतात. हे विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, म्हणजे घरातल्या मोठ्यांपैकी कुणी तेव्हा शिकलं असेल तर त्यांच्या पदवीवर मुंबईचं नाव असेल.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२३-२४ पासून पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय आला आहे. तीन वर्षांनंतर दोन वर्षांची एमएस्सी, किंवा चार वर्षांनंतर एक वर्षाची, असा त्या धोरणाचा आराखडा. मुलं मला विचारतात, कुठला घ्यावा? माझं मत असं, की तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षी खरोखर नवं गणित शिकवणारे आणि प्रकल्पाला वेळ देणारे शिक्षक असतील तरच तिथे थांबा. नाहीतर तिसऱ्या वर्षानंतर पठारावर या. इथे तुमच्यासारखीच वीस-तीस वेडी मुलं एका वर्गात भेटतात, आणि गणितात सोबतीला फार किंमत आहे.

प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची चाचणी असते, तिला सगळे जीयू-आर्ट म्हणतात. तिची तयारी म्हणजे बीएस्सीच्या सगळ्या वह्या पुन्हा उघडणं. विशेषतः रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप थिअरी. पर्यायी प्रश्नांत पाठांतर कामाला येत नाही, कारण 'खालीलपैकी कुठलं विधान खोटं' असं विचारलं की व्याख्याच हवी असते. तारखा आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्या, गेल्या वर्षी पास झालेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: गुणपत्रिका, रहिवासी दाखला, लागत असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आणि क्रेडिट जमा होतात तो एबीसी आयडी. मामलेदार कचेरीत निकालानंतर रांग लागते, म्हणून दाखल्यांसाठी एप्रिलमध्येच अर्ज टाका. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे का, तेही आताच बघा. आपल्याकडे आडनावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असतं, आणि ते निस्तरायला महिना जातो.

वर्ग सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस

या दिवसांत पुढच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक उघडून बसायची गरज नाही. त्याऐवजी एक गोष्ट पक्की करा: विधानाचा नकार कसा करायचा.

हसण्यावारी नेऊ नका. 'वर्गातल्या प्रत्येकाकडे छत्री आहे' याचा नकार काय? निम्मी मुलं सांगतात, 'कुणाकडेच छत्री नाही.' चूक. नकार असा: 'निदान एकजण तरी असा आहे ज्याच्याकडे छत्री नाही.' आता एक पायरी वर चला. 'प्रत्येक प्रवाशासाठी एक बस अशी आहे जी त्याला घरी पोचवते' आणि 'एक बस अशी आहे जी प्रत्येक प्रवाशाला घरी पोचवते.' पहिलं पणजीच्या स्टँडवर रोज खरं असतं. दुसरं खरं व्हायला काणकोणची, पेडण्याची आणि वाळपईची माणसं एकाच बसमधून घरी जावी लागतील. शब्द तेच, फक्त 'प्रत्येक' आणि 'एक असा आहे' यांची जागा बदलली. कन्टिन्युइटी आणि युनिफॉर्म कन्टिन्युइटी यांतला सगळा फरक एवढाच आहे. ज्याला बसचं उदाहरण कळलं त्याला तो धडा अर्धा कळला.

याच्या जोडीला संच, फलन, एकास एक, आच्छादक, गणिती विगमन यांची उजळणी करा. दोन तास रोज, पंधरा दिवस. पुरेसं आहे.

पहिले सहा आठवडे

इथेच सगळं ठरतं, म्हणून इथे जरा थांबतो.

शाळेत गणिताचा शेवट उत्तराने व्हायचा. उत्तर मागच्या पानावर असायचं, जुळलं की पुढचं गणित. इथे उत्तर बहुतेक वेळा प्रश्नातच दिलेलं असतं: 'दाखवा की अमुक क्रमिकेची लिमिट शून्य आहे.' तुम्ही द्यायचं असतं ते कारण. आणि कारण असं, की समोरचा हट्टी माणूस कितीही शंका काढो, त्याला पळवाट राहता कामा नये.

सगळ्यात साधी क्रमिका घेऊ: १, १/२, १/३, १/४... ही शून्याकडे जाते हे शेंबडं पोरही सांगेल. का जाते? वर्गात विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'पदं लहान लहान होत जातात, शून्याच्या जवळ जवळ येतात.' ठीक. आता ही दुसरी बघा: २, १ १/२, १ १/३, १ १/४... म्हणजे मघाच्या प्रत्येक पदात १ मिळवला. हिचीही पदं लहान लहान होतात. हिचं प्रत्येक पद आधीच्यापेक्षा शून्याच्या जवळ येतं. तरी ही शून्याकडे जात नाही, १ पाशी अडते. म्हणजे 'जवळ जवळ येतात' हे कारण नव्हतंच, ती नुसती कल्पना होती.

खरं कारण असं मांडतात. समोरच्याने कितीही लहान धन संख्या द्यावी, तिला एप्सिलॉन म्हणू. मी एक टप्पा दाखवीन, ज्याच्या पुढचं एकूण एक पद शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असेल. त्याने ०.०१ दिलं, तर मी म्हणेन १०० व्या पदानंतर बघ. त्याने ०.०००३ दिलं, तर मी म्हणेन ३३३४ व्या पदापासून पुढे बघ. प्रत्येक वेळी मी काय करतोय? १ ला एप्सिलॉनने भागतोय आणि त्याहून मोठी पूर्ण संख्या उचलतोय. ही युक्ती कुठल्याही एप्सिलॉनला चालते, म्हणून सिद्धता पूर्ण. दुसऱ्या क्रमिकेला त्याने ०.५ दिलं की मी गप्प, कारण तिची सगळी पदं १ च्या वरच आहेत.

आता एक बारीक गोष्ट. आधी तो एप्सिलॉन देतो, मग मी टप्पा सांगतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे मी आधी टप्पा सांगायचा आणि मग त्याने हवा तो एप्सिलॉन द्यायचा, तर त्या टप्प्यानंतर सगळी पदं चक्क शून्यच असावी लागतील. पुन्हा तीच बसची गोष्ट. उत्तरपत्रिकेत 'एक एन असा घ्या' (एन म्हणजे तो टप्पा) हे वाक्य 'एप्सिलॉन दिला आहे' याच्या आधी लिहिलं की गुण जातात, आणि मुलं म्हणतात सर फार कडक आहेत. कडक नाहीत. ते दुसरंच विधान झालं.

ही एवढी एक सिद्धता पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, तीन वेगवेगळ्या दिवशी लिहा. मग √(एन + १) वजा √एन घ्या. मग अशी एक क्रमिका घ्या जिला लिमिटच नाही, १, −१, १, −१..., आणि तिला लिमिट का नाही ते लिहा. तिथे नकार करायला शिकलेलं कामाला येईल.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी माझा नेम असा होता, आणि अजूनही मी तोच सांगतो. वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, पण त्याच रात्री त्यातलं एक प्रमेय वही न बघता कोऱ्या कागदावर लिहायचं. जिथे पेन अडलं तिथे लाल रेघ. दुसऱ्या दिवशी ती लाल रेघ घेऊन सरांकडे किंवा बाईंकडे जायचं. 'मला काही कळलं नाही' असं जाऊन सांगितलं तर ते तरी काय सांगणार? 'या ओळीतून ही ओळ कशी आली ते कळत नाही' असं विचारलं की पाच मिनिटांत सुटतं. शंका घरी नेऊ नका. वाळपईला पोचेपर्यंत ती दुप्पट होते आणि शनिवार-रविवार ओलांडला की तिच्यावर नवं प्रकरण चढतं.

मी हे का सांगतो? पहिल्या सत्रातल्या पहिल्या आयएसएला, म्हणजे सत्राच्या मधल्या अंतर्गत परीक्षेला, मी हाइने-बोरेलचं प्रमेय (बंद अंतराल खुल्या तुकड्यांनी झाकलं तर त्यांतले मोजकेच पुरतात) अक्षर न् अक्षर पाठ करून गेलो होतो. प्रश्न आला: खुल्या अंतरालासाठी हे प्रमेय का लागू होत नाही, ते उदाहरण देऊन दाखवा. मला एक ओळ लिहिता आली नाही. बारावीत गणितात शंभराला टेकलेला मुलगा मी, त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने कागदावर ० आणि १ च्या मधलं अंतराल काढून त्यावर १/२ ते १, मग १/३ ते १, मग १/४ ते १ असे एकाबाहेर एक खुले तुकडे मांडून दाखवले. ही झाकणं सगळी मिळून अंतराल झाकतात, पण त्यांतली मोजकी उचलली की शून्याजवळचा कोपरा उघडाच राहतो. चित्र दोन मिनिटांचं. ते प्रमेय मी त्यानंतर कधी पाठ केलं नाही आणि कधी विसरलोही नाही.

म्हणून प्रत्येक प्रमेयाला एक प्रश्न विचारा: यातली ही अट काढली तर काय बिघडतं? बंद अंतरालावरचं सतत फलन बंदिस्त असतं. 'बंद' काढा, ० ते १ खुलं घ्या, आणि १/एक्स घ्या: शून्याजवळ ते आभाळाला भिडतं. वहीच्या उजव्या पानावर प्रमेय, डाव्या पानावर अशी बिघडलेली उदाहरणं. परीक्षेच्या आधी डावं पान वाचायचं.

कुठला पेपर कुठे अडतो

रिअल ॲनालिसिसबद्दल वर आलंच. लिनिअर अल्जिब्रात मुलं मॅट्रिक्सच्या हिशोबात रमतात आणि व्हेक्टर स्पेस म्हणजे काय हे विसरतात. अल्जिब्रात कोशंट ग्रुपवर सगळ्यांचं घोडं अडतं. तिथे घड्याळ आठवा. १२ वाजता पुन्हा शून्य, म्हणजे १२ च्या पटीतल्या सगळ्या संख्या एकाच गाठोड्यात बांधल्या, आणि आता बेरीज गाठोड्यांची. टोपॉलॉजी पहिल्या महिन्यात हवेत वाटते, ॲनालिसिस पक्कं असेल तर दुसऱ्या महिन्यात ती आपली वाटते. कॉम्प्लेक्स ॲनालिसिस सुंदर आहे, त्याचा आनंद घ्या. मेझर थिअरी टाळू नका, कारण पुढे प्रॉबॅबिलिटी नीट शिकायची तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास वर्गात. चार क्रेडिटचा पेपर साठ तासांचा झाला. त्याच्या किमान दुप्पट वेळ तुमच्या टेबलावर गेला पाहिजे, हा माझा हिशोब आहे.

चवथीच्या आधी

सत्र ऐन रंगात येतं आणि चवथ येते. माटोळी बांधायची, करंज्या, घुमट आरत्या, पाच-सात दिवस घर भरलेलं. त्या दिवसांत पुस्तक उघडायचं ठरवलंत तरी उघडणार नाही, आणि उघडूही नये. पण चवथीहून परत आलं की पहिल्या आठवड्यात आयएसए उभी असते. म्हणून चवथीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या लाल रेघा मिटवा. सरावाची उदाहरणं सोडवून संपवा. माझ्या पाहण्यात पहिल्या सत्रात मागे पडलेली बहुतेक मुलं चवथीमुळे मागे पडली नाहीत, तर आधीच साचलेलं घेऊन चवथीला गेली म्हणून पडली.

संख्याशास्त्र: आकड्यांना हात लावा

संख्याशास्त्र म्हणजे सरासरी काढणं, अशी समजूत घेऊन बरेच जण येतात. आपल्याच बसस्टँडवरचं उदाहरण घेऊ. समजा, एका मार्गावर बसगाड्यांमधली सरासरी वेळ २० मिनिटं आहे. तुम्ही कधीही स्टँडवर आलात तर सरासरी किती वेळ थांबावं लागेल? सगळे म्हणतात १० मिनिटं. बसगाड्या अगदी नेमाने २० मिनिटांनी सुटत असतील तर बरोबर. पण समजा एक बस १० मिनिटांनी येते, पुढची ३० मिनिटांनी, परत १०, परत ३०. सरासरी २० च. आता तुम्ही आलात. दर ४० मिनिटांतली ३० मिनिटं लांब खंडात जातात, म्हणजे चारपैकी तीन वेळा तुम्ही लांब खंडातच सापडणार आणि तिथे सरासरी १५ मिनिटं थांबणार. चारपैकी एकदा छोट्या खंडात, सरासरी ५ मिनिटं. एकूण: १५ चे तीन चतुर्थांश म्हणजे ११.२५, ५ चा एक चतुर्थांश म्हणजे १.२५, बेरीज १२.५ मिनिटं. अंतरं जितकी अनियमित तितकं थांबणं जास्त, सरासरी तीच राहिली तरी. 'मी आलो की बस नेमकी उशिरा येते' असं आपण म्हणतो ते नशीब नव्हे, गणित आहे. पसरण का मोजायची, व्हेरिअन्स का शिकायचा, हे मला या उदाहरणाने पटलं.

दुसरं उदाहरण आपल्या राज्याचं. २०११ च्या जनगणनेत उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ होती, दक्षिण गोव्याची ६,४०,५३७, मिळून १४,५८,५४५. साक्षरता उत्तरेत ८९.५७ टक्के, दक्षिणेत ८७.५९. दोन्हींची साधी सरासरी काढली तर ८८.५८ येते, पण राज्याचा आकडा आहे ८८.७०. उत्तरेत माणसं जास्त, म्हणून तिचं वजन जास्त. फरक छोटा आहे, पण दोन गटांच्या आकारात मोठी तफावत असली की हीच चूक भलतंच सांगून जाते. असे खरे आकडे घेऊन स्वतः बसा. पर्वरीला राज्य सरकारचं नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय आहे, त्यांचे अहवाल चाळा.

त्यासाठी आर शिका. आर ही संख्याशास्त्रासाठी बनलेली आणि फुकट मिळणारी संगणक भाषा आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात दोन संख्याशास्त्रज्ञांनी शिकवण्याच्या गरजेतून ती सुरू केली. पायथॉनही हवं, पण एकावेळी एक. जुना लॅपटॉप चालतो. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: नाणं दहा हजार वेळा उडवायला सांगा, मघाची बसही दहा हजार वेळा पकडायला लावा, आणि १२.५ च्या आसपास उत्तर येतं का बघा. सूत्र आणि संगणक एकमेकांना दुजोरा देताना पाहिले की विषयाची भीती जाते. सोबत लेटेक, म्हणजे गणिती मजकूर टंकायची संगणक प्रणालीही शिकून घ्या, पुढे प्रबंध त्यातच लिहायचा आहे.

आणि हा विषय आपल्याला परका नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात १९०७ साली जन्मले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते व्यवसायाने गणिती. जनुकशास्त्रात क्रोमोसोमवरच्या जनुकांमधलं अंतर काढायला त्यांनी १९४४ च्या सुमारास दिलेलं सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरतात. प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलून, हातोहात फिरताना नाण्याची झीज होते या साध्या गोष्टीवरून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावायची पद्धत बसवली. तराजू, वही आणि संख्याशास्त्र, एवढ्यावर इतिहास उलगडला. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, त्याला एकदा तरी जाऊन बसा.

निव्वळ संख्याशास्त्रच करायचं असेल तर मात्र गोव्याबाहेरचाही विचार करा. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट १९३१ मध्ये महालनोबीस यांनी सुरू केली, तिथली प्रवेश परीक्षा अवघड आणि शिक्षण उत्तम. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटीसाठी जॅम परीक्षेत गणिताचा आणि गणिती संख्याशास्त्राचा असे दोन वेगळे पेपर असतात, तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण.

भाषेचं

आपल्यातल्या कितीतरी जणांची चौथीपर्यंतची शाळा मराठी, घरात कोंकणी, पेपर मराठी, आणि पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी. पठारावर पोचेपर्यंत इंग्रजी वाचता येतं, पण सिद्धता लिहिताना वाक्य मोडतं. मुलं याची लाज बाळगतात आणि वर्गात तोंड उघडत नाहीत. तसं करू नका. विचार मराठीत करा, खुशाल 'संच', 'फलन', 'अस्तित्वात आहे' म्हणत करा. मग इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट. 'समजा', 'म्हणून', 'पण', 'यावरून' यांच्यासाठी पाच-सहा ठरलेले इंग्रजी शब्द पुरतात. चांगली सिद्धता साध्या भाषेतच असते. अवघड इंग्रजी लिहिणाऱ्याची सिद्धता अधिक बरोबर असते असं मी कधी पाहिलं नाही.

आणि शंका मराठीत किंवा कोंकणीत विचारली म्हणून कुणी शिक्षक रागावलेला मला आठवत नाही.

राहणं, येणं-जाणं

मडगावकडून येणाऱ्यांनी बांबोळीला उतरावं, तिथून विद्यापीठ जवळ. म्हापसा, डिचोली, सत्तरीकडच्यांनी पणजी स्टँडवर येऊन बस बदलायची. कदंबचा विद्यार्थी पास पहिल्याच आठवड्यात काढा. पठारावर पाऊस आडवा येतो. छत्री उलटते, रेनकोट घ्या, आणि वह्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रोज जाऊन-येऊन तीन तासांहून जास्त जात असतील तर वसतिगृहासाठी जरूर प्रयत्न करा, विशेषतः दुसऱ्या वर्षी. बसमध्ये बसायला मिळालं तर व्याख्या पाठ करायला ती जागा छान आहे. सिद्धता पाठ करू नका म्हटलं, व्याख्या मात्र शब्दन् शब्द पाठ हव्यात. मी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर त्या लिहून खिशात ठेवत असे.

ग्रंथालयात जागा धरा. एका विषयाला एकच पुस्तक, शिक्षकांनी सांगितलेलं, शेवटच्या प्रश्नापर्यंत. पाच पुस्तकांची पहिली प्रकरणं वाचणारे खूप पाहिले. जिथे अडेल तिथे एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पण ती पाहताना हातात पेन असू द्या. सुट्टीच्या दिवशी पणजीला पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय शांत बसायला चांगलं.

तीन-चार जणांचा गट करा. आठवड्यातून एकदा रिकाम्या वर्गात एकाने फळ्यावर सिद्धता मांडायची, बाकीच्यांनी हट्टी माणसासारखं 'का?' विचारायचं.

दुसऱ्या वर्षाच्या आधी

उन्हाळ्यासाठी एमटीटीएस हा कार्यक्रम लक्षात ठेवा. १९९३ पासून चालतो, देशभरातली मुलं येतात, चार आठवडे गणित शिकवतात आणि शिकवण्याची पद्धत अशी की विद्यार्थ्याकडूनच उत्तर काढून घेतात. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी भरायचे असतात, म्हणून डिसेंबरपासून लक्ष ठेवा. मी गेलो नाही, त्याची हळहळ आजही आहे. माझे जे विद्यार्थी गेले ते प्रश्न विचारायला शिकून आले.

पुढे प्राध्यापक व्हायचं किंवा संशोधन करायचं तर सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा. गणिती विज्ञानाच्या पेपरात २०० गुण, तीन भाग. शेवटच्या भागात एका प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळी अचूक निवडली तरच गुण, ४.७५. 'अट काढली तर काय बिघडतं' ही डाव्या पानाची वही तिथे सोन्यासारखी उपयोगी पडते. याच अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. उच्च माध्यमिकला शिकवायचं तर बीएड लागेल. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट आताच तपासावी: तिच्या पात्रतेला संख्याशास्त्र हा पदवीचा एक विषय असावा लागतो किंवा पदव्युत्तर पदवी त्यात असावी लागते. नुसत्या गणिताच्या पदवीवर तो अर्ज भरता येत नाही. हे एमएस्सी संपल्यावर कळून रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून बीएस्सीचे विषय निवडतानाच घरात हे बोलून घ्या.

शेवटच्या सत्रात प्रबंध, आयएसए आणि अर्ज एकाच वेळी अंगावर येतात. शिफारसपत्र हवं असेल तर शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी सांगा, सोबत तुमचा प्रबंधाचा विषय आणि गुणपत्रिकेची प्रत द्या. सगळ्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतींचे दोन संच करून एक घरी आईकडे द्या आणि एक सोबत ठेवा.